शुद्ध पाण्यातले दोन मृत्यू

१

मासे मेले तर पायलचा फायदा किती, हे आधी मांडून ठेवलेलं बरं.

हॉलची एक अख्खी भिंत मोकळी होणार होती. रात्रभर घुंघुं करणारा पंप बंद होणार होता. स्वयंपाकघरातला वॉटर प्युरिफायर सासऱ्यांच्या तावडीतून सुटणार होता आणि सकाळी कुकर लावायच्या वेळेला ओट्यावर त्यांच्या बरण्यांची रांग लागणार नव्हती. हे सगळं किरकोळ. खरी जमेची बाजू होती खालचा गाळा. नाशिकच्या इंदिरानगरात रस्त्याला लागून, शटरवाला, आणि गेली दोन वर्षं रिकामा. पायलला तिथे ब्लाउज शिवायचे होते. सासऱ्यांनी तो मुस्तकीमला द्यायचं ठरवलं होतं, मासे विकायला.

सासरे म्हणजे सोमनाथ बोरस्ते. सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात जन्म गेला. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याच्या काट्यापासून सुनेच्या फोडणीपर्यंत सगळ्यावर नजर. त्यांच्या तपासणीत पास झालेली माणसं फार थोडी. त्यांतला एक मुस्तकीम. जवळच्या वडाळा गावचा हा तरुण सहा वर्षं त्यांची माशांची टाकी सांभाळत होता. डिस्कस माशांची जोडी त्यानेच आणून दिली होती. ताटलीसारखे गोल मासे, अंगावर निळ्या-केशरी रेघा. या जोडीने आता अंडी घातली होती. पिल्लं जगली तर मुस्तकीमच्या दुकानात पहिली मांडायची, असं दोघांचं ठरलं होतं. शनिवारी किल्ली द्यायची होती. कागद नव्हता, शब्द होता.

गुरुवारी सकाळी सोमनाथरावांनी टाकीचा दिवा लावला, तेव्हा नर तळाशी आडवा पडला होता आणि मादी वर तरंगत होती. अंडी पांढरी फटक झाली होती.

सोमनाथराव बोलायला लागले ते थांबेचनात. आदल्या दुपारी मुस्तकीमने अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून टाकीत औषध घातलं होतं. झालं, आरोपी सापडला. त्यांनी फोन काढला. नाशकात घरी मासे पाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मेलेल्या जोडीचा फोटो टाकला आणि खाली मुस्तकीमचं नाव लिहिलं, की याच्या हातचं औषध टाकीत घालू नका, माझी जोडी गेली.

चहा निवायच्या आत मुस्तकीमची तीन गिऱ्हाइकं तुटली. गाळ्याची किल्ली सोमनाथरावांनी देवघरातून उचलून कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"सोमनाथ, मासं मेलं का मारलं, ह्ये कुणी बघितलं का? का नुसताच फोन दाबतुयास?"

२

मालनबाई म्हणजे सोमनाथरावांची थोरली बहीण. दिंडोरीकडे तिची द्राक्षबाग. नवरा गेल्यावर बाग तिने एकटीने सांभाळली. व्यापारी बागेत आला की ती त्याच्याकडे बघायची नाही, त्याच्या गाडीच्या टायरांकडे बघायची. टायर गुळगुळीत असले की माणूस अडलेला आहे, मग भाव धरून ठेवायचा. मोतीबिंदू पिकला तसं हे बघणं बंद पडलं. रविवारी सोमनाथरावांच्या मुलाने, पायलच्या नवऱ्याने, म्हणजे हर्षलने तिला गाडीतून नाशकात आणलं, सोमवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती काळा चष्मा लावून बसायची आणि नव्या डोळ्याने घरभर बघत राहायची. घरच्यांना हे बघणं फारसं आवडत नव्हतं.

ती हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसली. कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढून सुपारी कातरली.

"पाणी कुणी बदललं?"

"मी," सोमनाथराव म्हणाले. "काल संध्याकाळी. अंडी असली की थोडं थोडं बदलावं लागतं. अक्का, पाण्यात शंकाच नाही. प्युरिफायरचं पाणी. मी स्वतः मीटर लावला." त्यांनी गळ्यातलं पेनासारखं यंत्र दाखवलं. "पाण्यात काय विरघळलंय ते हे सांगतं. नळाचं पाणी दोनशेच्या वर दाखवतं. कालचं वीसच्या आत होतं."

"काय विरघळलंय ते सांगतं का किती विरघळलंय ते?"

सोमनाथरावांनी मीटरकडे पाहिलं. "किती."

"आन् रोज किती असतं?"

"बारा. पण बारा काय आणि अठरा काय, शुद्ध ते शुद्धच."

मालनबाईने सुपारी तोंडात टाकली. "तुमच्या कारखान्यात अठराला बारा म्हणत व्हते का रं?"

सातपुरात सोमनाथरावांनी यापेक्षा कमी फरकावरून माल परत पाठवला होता.

"पाणी साठवतोस कशात?"

"आधी काचेच्या बरण्या होत्या. पुरेनात. प्युरिफायर पाणी देतो थेंब थेंब आणि टाकीला लागतं बादलीने. म्हणून या आठवड्यात मोठा ड्रम घेतला. काल पहिल्यांदाच त्यातलं पाणी टाकीत घातलं. तो बघ गॅलरीत."

मालनबाई उठून गॅलरीच्या दारात गेली. निळा, जाड प्लास्टिकचा ड्रम कोपऱ्यात पालथा घातलेला होता. भोवतालची फरशी कोरडी होती.

"काल ह्यात पाणी किती उरलं व्हतं?"

"अर्धा होता. आज सकाळी परत..." बोलता बोलता सोमनाथराव थांबले. ते दारापर्यंत आले आणि ड्रमकडे बघत राहिले. "मी नाही हा ओतला."

३

संशय हा घरात आलेल्या पाहुण्यासारखा असतो. बाहेरच्यावरून उठला की घरच्यांच्यात येऊन बसतो. दुपारी तो पायलच्या बाजूला येऊन बसला.

"तू ओतलास?" सोमनाथरावांनी विचारलं.

"मी तुमच्या ड्रमला हात लावत नाही, बाबा. मागे बरणी पुसली होती तर चार दिवस ऐकवलंत."

"काल संध्याकाळी तू हॉलमध्ये फवारा मारलास. झुरळांचा. मला वास आला होता."

"स्वयंपाकघरात मारला. दार लावून."

"वास हॉलमध्ये कसा आला?"

"वासाला काय सांगू, दार उघडू नकोस म्हणून?"

सोफ्यावर हर्षल मोबाइलवर काहीतरी वर-खाली करत होता. बायकोच्या बाजूने बोलायची ही वेळ होती. त्याने मोबाइलचा आवाज कमी केला.

मालनबाईने पायलला जवळ बसवून घेतलं. "पोरी, मला खरं सांग. मासं गेलं, तुला वाईट वाटलं का?"

"थोडं वाटलं. फार नाही. मी दोन वर्षं तो गाळा मागतेय, आत्या. यांनी सुनेला नाही म्हटलं आणि माशांना हो म्हटलं. मग माशांचं वाईट कसं वाटणार? पण म्हणून मी मारले नाहीत. मला गाळा हवा होता, असा नको."

खोटं बोलणारा माणूस आधी आपलं मन किती चांगलं आहे ते सांगतो, हा मालनबाईचा व्यापाऱ्यांमुळे झालेला अनुभव होता. या पोरीने स्वतःचा स्वार्थ आधी ताटात वाढून ठेवला होता. मालनबाईने मनातल्या मनात तिचं नाव खोडलं नाही, पण पुसट केलं.

"त्या मुस्तकीमला बोलाव," ती भावाला म्हणाली.

"तो कशाला येईल? आणि मी का बोलवू?"

"तू नगंच बोलवू. नंबर दे."

४

मुस्तकीम आला, पण बसला नाही. सोमनाथरावांकडे त्याने पाहिलंही नाही. तो सरळ टाकीपाशी गेला आणि वाकून आत बघत राहिला.

"औषध कसलं घातलं व्हतंस?" मालनबाईने झुरळांच्या फवाऱ्याचंही सांगून विचारलं.

"नेहमीचं, मावशी. तेच औषध काल आणखी दोन घरी घातलं. तिथले मासे मजेत आहेत. पण ते आता कोण ऐकणार? ग्रुपवर तर फैसला झाला." एवढं बोलून त्याने बोट दाखवलं. "गोगलगायी बघा."

टाकीत बारीक गोगलगायी होत्या. त्यांतली एकही पाण्यात नव्हती. सगळ्या काच चढून पाण्याच्या वर, झाकणाखाली घट्ट चिकटून बसल्या होत्या.

"कधीपास्नं अशा बसल्यात?"

"रात्री जेवल्यावर मी दिवा मालवायला आले, तेव्हा वर चढत होत्या," पायल म्हणाली. "मला वाटलं, फिरतायत."

"फिरत नाहीत, भाभी, पळतात," मुस्तकीम म्हणाला. "झुरळांच्या फवाऱ्याचं असतं तर विष वरून आलं असतं, त्या खाली गेल्या असत्या. माझ्या औषधाचं त्यांना काही वाटत नाही. या पाण्यालाच घाबरून वर आल्यात. आणि एक चीज अशी आहे की ती जरा जरी पाण्यात उतरली तरी गोगलगाय आधी वर चढते आणि मग मासे जातात." तो क्षणभर घुटमळला. "तांबं."

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या.

ओट्यावर तांब्याचा हंडा होता. पायलने माहेराहून आणलेला. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं, हा तिचा नेम. रोज चिंचेने घासून ती तो लखलखीत ठेवायची. आताही तो तसाच लखलखत होता.

"बघा," सोमनाथराव सावकाश म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "बाहेरच्या पोराला मी बोल लावला. आणि माझ्या घरात..."

पायलने नवऱ्याकडे पाहिलं. हर्षल गोगलगायींकडे बघत होता.

५

"हंड्यात पाणी मावतं किती?" मालनबाई म्हणाली. "पोरी, तो इकडं आण."

पायलने हंडा आणून समोर आदळला. मालनबाईने हाताने अंदाज घेतला. "चार माणसांचं पिण्याचं. सोमनाथ, तू काल टाकीत किती घातलंस?"

"चार बादल्या."

"मंग ह्या हंड्यातनं एक घागर वतली तरी सकाळी घरातली समदी तहानली असती. परवा रात्री न् काल रात्री पाणी कमी पडलं का कुणाला? मी सोता ह्यातलंच पिते." तिने हंडा बाजूला सारला. "लखलखीत भांड्याकडं समद्यांचं लक्ष जातं. चार बादल्या ड्रममदनं आल्या. आन् रिकामा बी ड्रमच झालाय. ज्यानं ड्रम वतला, त्याला सकाळी सकाळीच कळलं व्हतं की पाण्यात खोट हाय. त्यानं तोंड उघडलं नाय. ड्रम आणला कुणी?"

"हर्षलने," सोमनाथराव म्हणाले. "मी नवा आण म्हटलं होतं. सातपुरात मिळतात."

हर्षलने मोबाइल खाली ठेवला. "मी आणला म्हणजे... मी घरात ठेवला. दिला मुस्तकीमने. तो म्हणाला, माझ्याकडे आहे एक."

मुस्तकीम हसला, पण ते हसणं बरं दिसत नव्हतं. "हर्षलभाई, मी काकांना काय सांगितलं होतं ते काकाच सांगतील. नवा कॅन घ्या, पांढरा घ्या, आत हात घालून घासता येईल असा घ्या, आणि त्यात पाण्याशिवाय आयुष्यात दुसरं काही भरू नका. या पाण्याचं स्वतःचं काही नसतं, ते भांड्याचं घेतं. निळा ड्रम मी कुणालाच सांगत नाही. आत काय चिकटलंय ते दिसत नाही."

सोमनाथरावांनी मान हलवली. एवढं सगळं मुस्तकीम म्हणाला होता, हे त्यांना नाकारता येईना.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" हर्षलने विचारलं.

"बोलतुयास का नाय ते ड्रमला इचारू," मालनबाई म्हणाली. "उचल तो. आत घिऊन ये."

ड्रम हॉलमध्ये आला. मालनबाईने तो उताणा केला आणि चष्मा कपाळावर सारला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, पण बघत होता. काठाखाली एका जागी एम-सीलचा ठिपका होता. नव्या ड्रमला कुणी एम-सील लावत नाही, हे सोमनाथरावांच्या आता लक्षात आलं. काल ड्रमपाशी उभं राहून त्यांनी फक्त पाणी तपासलं होतं.

ठिपका नखाने उकरला तर खाली भोक. कडा वितळलेल्या होत्या, तापल्या सळईने पाडलेलं.

"फवाऱ्याची नळी घालायला आसं भोक पाडतात," मालनबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने काठाची घडी आतून बोटाने चाचपली. एका जागी बोट अडलं. तिथे काहीतरी खरखरीत चिकटलं होतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, कारण ड्रमही निळा आणि चिकटलेलंही निळंच.

"बशी आण. आन् चमचाभर पाणी."

तिने ते खरवडून बशीत पाडलं. पाण्याला आकाशी झाक आली. मग तिने अडकित्ता काढला, त्याचं लोखंडी पातं उंबऱ्यावर घासून पांढरं केलं आणि बशीत बुडवून धरलं.

"बागेत बोर्डो फवारतात, करप्यावर. मोरचूद एका ड्रममदी भिजवायचं, चुना दुसऱ्यात, मंग दोन्ही तिसऱ्यात एक करायचं. चुना कमी पडला तर पानं जळतात. म्हणून आमी इळा बुडवून बघतो, लोखंडावर लाली चढती का."

तिने अडकित्ता बाहेर काढला. पात्याच्या कडेला तांबूस थर चढला होता, नव्या पैशासारखा.

"मोरचूद म्हंजी तांबंच," मालनबाई म्हणाली. "ह्यो ड्रम माझ्या बागेतला हाय."

६

"तुझ्या बागेतला इथे कसा?" सोमनाथराव म्हणाले.

"माझ्याच संगं आला. दिंडोरीपास्नं इथवर टपावर काय तरी ढमढम वाजत व्हतं. मी दोनदा इचारलं. हा म्हनला, आत्या, कॅरिअर ढिलं झालंय. मला दिसत नव्हतं, म्हणून मी ऐकून घेतलं." ती हर्षलकडे वळली. "मी घरात लुगडं बदलत व्हते तवा तू शेडामागनं उचललास. व्हय ना?"

हर्षल एकदम बोलायला लागला. सातपूरला जायला वेळच मिळाला नाही. आत्याच्या शेडामागे दहा ड्रम पडले होते, एक घेतला. साबणाने तीनदा धुतला, भोक बुजवलं, बाबांना नवा आहे म्हणून सांगितलं. वापरलेला म्हटलं असतं तर बाबांनी महिनाभर पुराण लावलं असतं. सकाळी मासे बघितले आणि ड्रमचीच शंका आली, म्हणून बाबा फोन करत होते तेव्हा ड्रम मोरीत ओतला. त्यात काय होतं हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"ते मला पटतंय," मालनबाई म्हणाली. "मासं तू मारलं नाहीस. ते आपल्या समद्यांच्या गाढवपणानं मेलं. मोरचूदाचा ड्रम उघड्यावर टाकला ती मी. पर दिवसभर ह्या पोराचं दुकान बुडत व्हतं न् तू बघत बसलास. मंग तुझी बायकू बुडत व्हती, तरी बघत बसलास."

सोमनाथराव उठले. कपाटाचं कुलूप काढलं, किल्ली आणून मुस्तकीमसमोर धरली. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं असावं. पण निघालं एवढंच, "मी ग्रुपवर लिहितो."

"लिहा," मुस्तकीम म्हणाला. "पण तुम्ही लिहिलेलं तीन घरांनी वाचून मला फोन केले. आता त्या तीन घरी तुम्ही स्वतः जा. मी पत्ते देतो."

सोमनाथरावांनी मान हलवली. या मान हलवण्याला किती कष्ट पडले, ते फक्त बहिणीला कळलं.

मुस्तकीमने किल्ली घेतली. नाकारील असं सगळ्यांना वाटलं होतं, बहुधा सोमनाथरावांनाही. पण रागापायी रस्त्यावरचा गाळा सोडण्याइतका तो चैनीत नव्हता.

"शनिवारी शटर उघडतो. भाडं वेळेवर देईन, बोरस्तेसाहेब." सहा वर्षं तो काका म्हणत आला होता. "तुमची टाकी मात्र आता मी बघणार नाही. मासे लागले तर दुकानात या. सगळ्यांना देतो तसे देईन."

जाताना त्याने झाकणाखालच्या गोगलगायी एकेक सोडवून पिशवीत घेतल्या. विचारलं कुणालाच नाही.

दार लागलं. पायल हंडा उचलून ओट्यावर ठेवायला गेली. मालनबाई तिच्या मागे स्वयंपाकघरात आली आणि अडकित्त्याची तांबूस कड पदराला पुसू लागली. ती काही पुसली जाईना.

"तुला गाळा मिळाला नाय, पोरी."

"मला माहीत आहे, आत्या."

"माशांनी जीव दिला. सोमनाथ ज्या तीन घरांच्या पायऱ्या चढंल, त्या त्याला जड जातील. त्या पोराचा एक काका कमी झाला. मी बी सुटले नाय, दहा ड्रम फोडून टाकते घरी गेल्यावर." तिने हॉलकडे मान वळवली. सोमनाथराव मुलावर ओरडून थकले होते, आणि हर्षल पुन्हा सोफ्यावर बसून मोबाइल शोधत होता. "समद्यांनी भरलं. त्यानं काय भरलं?"

पायलने हंड्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं, चिंचेचा गोळा घेतला आणि घासायला लागली.

"त्याचं अजून व्हायचंय," ती म्हणाली.